शेअर्ड शीट ऑफिसात रुजवायची तर आधी मालकांनी उघडावी

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला एकच गोष्ट विचारली, की तुमच्या ऑफिसात सगळे एकाच ऑनलाइन फाइलवर काम करतात ते तुम्ही लोकांच्या गळी उतरवलंत कसं, आमच्याकडे ट्रेनिंग झालं, लॉगिन वाटले, थोडे दिवस बरं चाललं आणि मग परत सगळे व्हॉट्सॲपवर एक्सेल फिरवायला लागले. फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते.

मी इंदूरला सांवेर रोडच्या इंडस्ट्रियल एरियात एका खोक्यांच्या कारखान्यात प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघते. कोरुगेटेड खोके, म्हणजे ते तीन प्लाय-पाच प्लायचे ब्राउन डबे, ज्यात शेव-नमकीनची पाकिटं दुकानापर्यंत येतात. गिऱ्हाइकं बरीचशी नमकीनवालीच, काही औषधाच्या कंपन्या. ऑर्डर घेणारे वेगळे, प्लॅनिंग वेगळं, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट, असे सगळे मिळून तीसेक लोक कम्प्युटरला हात लावणारे असतील. बोलणं हिंदीत, आम्हा चार-पाच मराठी लोकांचं आपसात मराठी, आणि फाइलींची नावं इंग्रजीत. आयटी डिपार्टमेंट वगैरे काही नाही, एक मुलगा येतो प्रिंटर आणि टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, बघायला. त्यामुळे मी जे लिहितेय ते आपल्यासारख्या मध्यम कारखान्यांना आणि ऑफिसांना उपयोगी पडेल असं मला वाटतं, मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी असते.

आधी माझं मत सांगते, मग काय काय झालं ते. लोकांना ही टूल्स येत नाहीत म्हणून ते वापरत नाहीत हे मला अजिबात पटत नाही. जो माणूस फोनवरून यूपीआय करतो, रेल्वेचं तिकीट काढतो, भाच्याच्या लग्नाची पत्रिका बनवून शंभर जणांना पाठवतो, त्याला शीटमधल्या एका खान्यात आकडा भरायला शिकायला किती वेळ लागणार, एक दुपार पुरते. गाडी अडते ती दुसऱ्याच जागी. एक तर आपलं अर्धवट काम सगळ्यांना दिसणार याची धास्ती, आणि दुसरं म्हणजे आपली फाइल हीच आपली ऑफिसातली पत असते, ती सगळ्यांची झाली की आपल्याला कोण विचारणार. या दोन गोष्टींना हात घातला नाही तर कितीही ट्रेनिंग ठेवा, काही उपयोग होत नाही.

आमचा जुना कारभार कसा होता ते सांगते. ऑफिसच्या नेटवर्कवर एक फोल्डर होतं, त्यात डिस्पॅच फायनल, डिस्पॅच फायनल दोन, फायनल नया, फायनल करेक्टेड अशा फाइली. एकाने उघडली की दुसऱ्याला लॉक दिसायची आणि मग हॉलभर आवाज, "भिया, फाइल लॉक आ री है, कौन खोल के बैठा है?" जो उघडून बसलाय तो जेवायला गेलेला असायचा. मग बाकीचे कॉपी काढून आपापल्या डेस्कटॉपवर काम करायचे, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये टाकायचे, आणि कुठली खरी हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवायचा.

हे किती महागात पडतं ते एका रंगपंचमीच्या आदल्या दिवशी दिसलं. इंदूरला रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मोठी मिरवणूक, निघते, त्या दिवशी शहरात काम होत नाही, लोडिंगला माणसं मिळत नाहीत, म्हणून जे पाठवायचं ते आदल्या दिवशीच निघायला हवं असतं. ऑर्डर डेस्कच्या फाइलीत एक गाडी देवासच्या पार्टीला लावलेली होती आणि डिस्पॅचच्या फाइलीत तीच गाडी उज्जैनला. माल रस्त्याने न्यायचा तर जीएसटीचं ऑनलाइन ई-वे बिल लागतं, त्याच्या पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर असतो, आणि दोन्ही बिलांत एकाच गाडीचा नंबर. गेटवर ड्रायव्हरच्या हातात दोन बिल्ट्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावत्या, आल्या तेव्हा कळलं, आणि तोवर अर्धा माल चढलेला होता. पार्ट बी बदलता येतो, ते झालं, पण दुसरी गाडी कुठून आणणार त्या संध्याकाळी, आणि मग जो वाद झाला तो माल कसा जाईल याच्यावर नव्हता, कोणाची फाइल फायनल यावर होता. दोघांकडेही फायनल नावाचीच फाइल होती आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण दोघंही मनापासून काम करणारी माणसं आहेत आणि त्यानंतर बरेच दिवस ती एकमेकांशी बोलत नव्हती.

ही टूल्स काही काल-परवा आलेली नाहीत. दोन माणसांनी दूर बसून एकाच पडद्यावर एकच मजकूर बघत काम करायचं हे डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांसमोर करून दाखवलं होतं. आपल्याच देशातल्या झोहो कंपनीचं रायटर २००५ मध्ये आलं, गूगलने २००६ मध्ये रायटली नावाचं टूल बनवणारी छोटी कंपनी घेतली आणि त्यातून डॉक्स उभं राहिलं, शीट्सही त्याच वर्षी. म्हणजे आमच्या ऑफिसात लॉक झालेल्या फाइलीवरून आरडाओरडा चालू होता तेव्हा हे सगळं कित्येक वर्षं हाताशी होतं, तेही फुकट.

आणि एकदा आम्ही ते वापरलंही होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये इंदूरची काय हालत होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. खाण्याच्या वस्तू आणि औषधं यांचं पॅकिंग असल्यामुळे आमचा कारखाना थोड्या लोकांवर चालू होता आणि बाकी सगळे घरी, तेव्हा कोणीतरी एक गूगल शीट बनवली आणि तीवर सगळं निभावलं. कुणालाही शिकवावं लागलं नाही. मग ऑफिस पूर्ण सुरू झालं आणि ती शीट कोणी पुन्हा उघडली नाही, कारण जुना फोल्डर तिथेच होता, जुने लोक तिथेच होते, आणि साहेब जुन्यासारखंच केबिनमधून हाक मारून विचारायला लागले. मला यातून एवढं कळलं की गरजेपोटी माणूस शिकतो पण जुनं दार उघडं राहिलं की परत त्याच दारातून जा-ये करतो.

आता थोडं शेतीबद्दल, कारण मला या सगळ्याची किल्ली तिथे मिळाली. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याचं हायब्रिड बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी अभ्यास केला होता, तो १९४३ मध्ये छापून आला. त्यात असं दिसलं की बियाण्याची पहिली खबर सगळ्यात जास्त जणांना कंपनीच्या सेल्समनकडून मिळाली, पण पेरायचं मनावर घेतलं ते जास्त करून शेजाऱ्याचं ऐकून, आणि तेही आधी छोट्या तुकड्यावर, मग वर्षावर्षाने वाढवत. चांगलं बियाणं होतं, उत्पन्न जास्त होतं, तरी वेळ लागला. पुढे एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकाने १९६२ मध्ये हेच जास्त व्यवस्थित मांडलं, की नवी गोष्ट थोडीशी करून बघता यायला हवी आणि तिचा फायदा दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसायला हवा. आपल्या ऑफिसांत काय होतं, आपण सेल्समनवरच थांबतो. एक दिवस ट्रेनर बोलावला, स्लाइड दाखवल्या, समोसे खाल्ले, झालं. शेजाऱ्याचं शेत दाखवायचं राहून जातं.

मला आपल्या माळव्यातलं सोयाबीन आठवतं नेहमी. आमच्या आजोळची थोडी शेती होती सांवेरच्या पुढे, तिथे पूर्वी पावसाळ्यात काळी जमीन बरीचशी पडीक ठेवायचे आणि रब्बीला गहू-हरभरा घ्यायचे. सत्तर-ऐंशीच्या दशकात सोयाबीन आलं ते त्या पडीक जमिनीवर आलं. कोणाचा गहू काढून सोयाबीन लावा असं सांगायची वेळच आली नाही. ते पुढे इतकं वाढलं की इंदूरला १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं. मी हे डोक्यात धरूनच पहिली फाइल निवडली, म्हणजे ऑफिसातली पडीक जमीन शोधली. जी फाइल सगळ्यांना लागते पण जिच्यावर कुणाचं नाव नाही अशी. स्टॉकची फाइल स्टोअरच्या काकांची होती, रेटची पर्चेसच्या ताईंची, उधारीची अकाउंटची. यांना हात लावला असता तर पहिल्याच दिवशी तीन माणसं विरोधात गेली असती. रोजचा डिस्पॅचचा प्लॅन मात्र सगळ्यांचा आणि कोणाचाच नाही असा होता, आणि रंगपंचमीचा तो गोंधळ सगळ्यांच्या लक्षात ताजा होता. मग तिथूनच सुरुवात केली, एक फाइल, बाकी सगळं जसं आहे तसं.

बऱ्याच ठिकाणी उलटं करतात. आधी पॉलिसीची डॉक्युमेंटं, सुट्ट्यांची यादी, फोन नंबर वगैरे ऑनलाइन टाकतात, कारण ते सोपं असतं आणि कुणी भांडत नाही. पण ते कोण उघडतं, महिन्यातून एकदा. सवय लागायची तर रोज, दिवसातून चार वेळा उघडावी लागेल अशीच फाइल हवी.

कॉलम ठरवताना मी एकटीने काही ठरवलं नाही. डिस्पॅचवाले भैया गाडीजवळ उभं राहून फोनवर बघतात, त्यांच्या पाच इंचांच्या स्क्रीनवर तेवीस कॉलम म्हणजे शिक्षाच, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा टॅब, फक्त पार्टी, साइज, नग, गाडी नंबर आणि स्टेटस, आणि स्टेटसला ड्रॉपडाउन म्हणजे टाइप करायची भानगड नाही. बडे साहब, म्हणजे मोठे मालक, पासष्टीच्या पुढचे, ते कागदावर वाचतात आणि वाचणारच, तर एक टॅब असा की ए-फोर वर एका पानात प्रिंट येतं. काही लोकांनी मला सांगितलं की प्रिंट काढू द्यायची तर ऑनलाइन कशाला. मला तसं वाटत नाही. त्यांना कागद मिळू द्या, कागदावरचा आकडा कुठून आला हे महत्त्वाचं.

सगळ्यात मोठं काम केलं ते छोट्या मालकांनी आणि हे मी प्रत्येकाला ठासून सांगते. त्यांनी सकाळी आल्या आल्या तीच शीट उघडायला सुरुवात केली. कोणी व्हॉट्सॲपवर एक्सेल पाठवली की त्यांचं एकच उत्तर, "शीट में डाल दो, मैं वहीं देख रहा हूँ." रागावून नाही, अगदी सहज, पण प्रत्येक वेळी. आणि विचारायचं काही असलं तर केबिनमधून हाक नाही, त्या खान्यावर कमेंट टाकून माणसाला टॅग करायचं. पहिला आठवडा लोकांनी दोन्हीकडे भरलं, मग ज्या फाइलीकडे मालक बघतच नाहीत ती भरून काय करायचं म्हणून आपोआप बंद झालं. जुन्या फोल्डरमधल्या फाइली एका तारखेला रीड-ओन्ली केल्या, डिलीट काही केलं नाही, म्हणजे बघायला आहेत पण बदलता येत नाहीत. तुमच्या ऑफिसात साहेब स्वतः म्हणत असतील की मला मेलवर अटॅचमेंट पाठवा, तर खालच्या माणसाला शीट वापर म्हणून सांगायचा काही अर्थ नाही, तो बिचारा दुप्पट काम करेल आणि मनात तुम्हाला शिव्या देईल.

आता स्टोअरच्या काकांबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे आहे. काका मूळचे ग्वाल्हेरचे, कारखान्यात सगळ्यात जुने. क्राफ्ट पेपरच्या रीलांचा सगळा हिशोब त्यांच्याकडे, कुठल्या जीएसएमची, म्हणजे किती जाड-वजनदार कागदाची, किती रुंदीची, किती किलोची रील कुठल्या रांगेत उभी आहे ते डोळे मिटून सांगतील. एक रजिस्टर आणि पासवर्ड लावलेली एक एक्सेल. दिवसभर त्यांना फोन, काका एकशेवीसची आहे का, काका दीडशेची किती उरली. मी सुरुवातीला त्यांना सांगितलं असतं की शीट केली तर तुमचे फोन कमी होतील, तर ते माझ्याशी बोललेच नसते, कारण ते फोन त्यांना हवे होते, त्या फोनांतच त्यांचा मान होता. हे बाहेरून आलेल्या ट्रेनरला दिसत नाही, त्याच्या हिशोबाने फोन कमी होणं हा फायदा.

एकदा काय झालं, प्लॅनमध्ये एका ऑर्डरचा आकडा वाढलेला, त्या हिशोबाने रील कमी पडल्या, आणि मीटिंगमध्ये सगळं काकांवर आलं की स्टॉक चुकीचा सांगितला. ते काही बोलले नाहीत, रजिस्टर मिटून निघून गेले. दुपारी मी त्यांना माझ्या टेबलाशी बोलावलं. चष्मा कपाळावर, रजिस्टर काखेत, उभेच राहिले. मी डिस्पॅच शीटमधल्या त्या खान्यावर राइट क्लिक करून एडिट हिस्ट्री उघडली, छोटी चौकट आली, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, बदलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ संध्याकाळची ४:५२. काकांनी चष्मा खाली घेतला, वाकून वाचलं, आणि म्हणाले, "म्हणजे मी साडेतीनला सांगितलं तेव्हा जुनाच आकडा होता."

"हो काका. तुमचं बरोबरच होतं."

"असं प्रत्येक खान्याचं दिसतं?"

"प्रत्येक. कोणी, कधी, काय बदललं, सगळं."

थोडा वेळ तसेच बघत राहिले. मग म्हणाले, "मग माझं रजिस्टर पण यात टाकून दे. उद्यापासून कोणी माझ्यावर ढकलू नाही शकणार."

मी गेले कित्येक महिने सगळ्यांना जे समजावत होते ते त्या चौकटीने दोन मिनिटांत केलं. पण टाकताना एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने केली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते, स्टॉकच्या टॅबमध्ये आकडा बदलायचा हक्क फक्त काकांना आणि त्यांच्या असिस्टंटला, बाकीच्यांना त्या टॅबमध्ये बदल करता येत नाही, त्यांनी फक्त बघायचं आणि काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारायचं. आकडा काकांचाच राहिला. फोन कमी झाले, पण आता कमेंटमध्ये त्यांना टॅग करून विचारतात आणि त्यांचं उत्तर सगळ्या ऑफिसला दिसतं, मालकांनाही. पूर्वी त्यांच्या माहितीला साक्षीदार कोणी नव्हता.

हीच हिस्ट्री मात्र उलटीही फिरते. आमच्याकडे एका मॅनेजरसाहेबांनी रिव्ह्यू मीटिंगमध्ये प्रोजेक्टर लावून दाखवलं की बघा, या माणसाने एकाच ऑर्डरचा आकडा चार वेळा बदललाय. तो बिचारा ऑर्डर डेस्कचा मुलगा, पार्टी दर दोन तासांनी क्वांटिटी बदलत होती आणि तो इमानदारीने प्रत्येक वेळी शीट अपडेट करत होता, म्हणजे जे करायला हवं तेच करत होता. त्याला सगळ्यांसमोर ओशाळं व्हावं लागलं. पुढच्या काही दिवसांत मी बघितलं तर शीटमध्ये दिवसभर काही हालचाल नाही, सगळ्या एंट्र्या संध्याकाळी सहाच्या सुमारास एकदम. लोक दिवसभर आपल्या वहीत कच्चं लिहायचे आणि पक्कं झालं की मगच भरायचे. आकडे सगळे बरोबर, पण शीट माझ्या काही कामाची राहिली नाही, कारण मला सकाळी अकरालाच कळायला हवं असतं की या पार्टीचं अजून ठरत नाहीये, रील येईल की नाही नक्की नाही, त्या कच्च्या माहितीवरच तर प्लॅनिंग चालतं.

मी छोट्या मालकांना हे दाखवलं, सकाळच्या आणि संध्याकाळच्या एंट्र्या शेजारी शेजारी ठेवून. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं की हिस्ट्री आकडा शोधायला आहे, माणूस शोधायला नाही, आणि ती कुणाच्या अप्रेझलमध्ये येणार नाही. पहिल्या टॅबवर वरच हिंदीत लिहिलेलं आहे ते, अजूनही आहे. त्या मुलाची त्यांनी सगळ्यांसमोर तारीफही केली. तरी लोकांचा विश्वास परत यायला वेळ लागला, दिवाळीच्या ऑर्डरींचा सीझन आला तेव्हा कुठे शीट पुन्हा दिवसभर हलायला लागली. मला विचाराल तर जिथे जिथे ही टूल्स बसली नाहीत तिथे बऱ्याचदा असंच काहीतरी झालेलं असतं आणि नाव मात्र लोकांच्या आळसाचं होतं.

हिशोबाच्या बाबतीत कायद्याने तर आधीच हे केलंय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. आमच्या अकाउंटवाल्यांना टॅलीत त्याची सवय होती, त्यामुळे शीटची हिस्ट्री त्यांना सगळ्यात कमी खुपली, आणि बाकीच्यांना समजवायला तेच माझ्या कामी आले. शेजाऱ्याचं शेत म्हणतात ते हेच.

बाकी छोट्या छोट्या कटकटी आहेत ज्यांच्यामुळे माणूस पहिल्याच आठवड्यात वैतागतो आणि परत जातो, त्या आधीच निपटवून ठेवा. सगळ्यात जास्त ओरड, "मेरी लाइनें गायब हो गईं." काही गायब झालेलं नसतं, कोणीतरी फिल्टर लावलेला असतो आणि तो सगळ्यांना लागू होतो. त्याच्याऐवजी फिल्टर व्ह्यू वापरायला शिकवा, तो आपल्यापुरता राहतो, हे पहिल्याच दिवशी. मग तारखा. शीटच्या सेटिंगमध्ये लोकेल, म्हणजे कुठल्या देशाच्या पद्धतीने तारखा-आकडे धरायचे ते, अमेरिकेचं असलं तर ०३/०४ म्हणजे ४ मार्च धरतं, आणि आपला माणूस ३ एप्रिल म्हणून बसलेला, डिस्पॅचमध्ये हे किती भयंकर आहे विचार करा. फाइल उघडून सेटिंगमध्ये लोकेल इंडिया करायचं, मिनिटाचं काम. इंटरनेट जातं त्यासाठी क्रोममध्ये ऑफलाइन चालू करून ठेवायचं, नेट आलं की आपोआप चढतं.

एक अडचण मात्र आपल्या एमपीची खास आहे, कृतिदेव नावाचा हिंदीचा जुना फॉन्ट. सरकारी खात्यांना जाणारी हिंदी पत्रं आमचे टायपिस्ट बाबूजी वर्षानुवर्षं कृतिदेवमध्ये टाइप करत आलेत. ती फाइल डॉक्समध्ये चढवली की समोर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण कृतिदेव युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत, नाही, आत अक्षरं इंग्रजीचीच असतात, फक्त फॉन्टमुळे हिंदी दिसतात. बाबूजींनी ते बघितलं आणि जाहीर करून टाकलं की या गूगलला हिंदी येत नाही. जुन्या लागणाऱ्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून घेतल्या, जोडाक्षरं तपासावी लागतात पण होतं. खरा प्रश्न बोटांचा होता, त्यांची बोटं रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर बसलेली, इनस्क्रिप्ट हा वेगळा हिंदी कीबोर्ड या वयात कशाला शिका म्हणायचं. विंडोजवर रेमिंग्टन गेल नावाचा कीबोर्ड टाकता येतो, त्याने युनिकोडमध्येच पण जुन्याच जागी टाइप होतं, थोडी अक्षरं इकडेतिकडे. तो टाकून दिला आणि आता बाबूजी पत्राचा मसुदा डॉक्समध्ये करतात, साहेब सजेशन मोडमध्ये दुरुस्ती सुचवतात, बाबूजी बघून मंजूर करतात. आधी साहेब लाल पेनाने खाडाखोड करून कागद परत पाठवायचे आणि सगळं पत्र नव्याने, आता तसं नाही.

कुठलं टूल घ्यायचं यावर लोक फार वेळ घालवतात. तुमच्याकडे आधीच मायक्रोसॉफ्टचे मेल असतील तर त्यांचं घ्या, वनड्राइव्हवर एक्सेल सगळे मिळून उघडतात, झोहो स्वस्त पडत असेल तर ते घ्या, काही बिघडत नाही. पण एक गोष्ट करू नका, कुणाच्या पर्सनल जीमेलवर ऑफिसची फाइल बनवू नका. आमची लॉकडाऊनमधली ती शीट ज्याच्या जीमेलवर होती तो मुलगा नंतर पुण्याला गेला नोकरीला आणि फाइल त्याच्याकडेच, मागून घेता आली कारण तो चांगला मुलगा आहे. शिवाय गूगल दोन वर्षं न वापरलेली पर्सनल अकाउंट काढून टाकू शकतं, त्यात फाइलीही जातात. कंपनीच्या डोमेनवर अकाउंट घ्या, आणि शेअर्ड ड्राइव्हचा प्लॅन परवडत असेल तर तो घ्या, त्यात फाइलीची मालकी कंपनीची राहते, कोणी आलं गेलं तरी. आणि "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय बंदच ठेवा, माणसांची नावं टाकून शेअर करा. जरा त्रास होतो पण पार्टीचे रेट असलेली शीट एकदा बाहेरच्या ग्रुपमध्ये गेली की परत आणता येत नाही.

रेटची फाइल म्हणूनच अजून पर्चेसच्या ताईंच्याच ताब्यात आहे, फक्त त्या आणि मालक, आणि ती तशीच राहावी असं मला वाटतं. सगळं सगळ्यांना दिसलं पाहिजे असा माझा हट्ट नाही. ज्याच्यावर दुसऱ्याचं काम अडतं तेवढं दिसलं पाहिजे.

आता दिवाळीच्या ऑर्डरी चढायच्या आत क्वालिटीचे टेस्ट रिपोर्ट घ्यायचे आहेत, बर्स्टिंग स्ट्रेंथ (म्हणजे फाटेपर्यंत किती दाब सोसतो ते), मॉइश्चर वगैरे, ते अजून फॉर्मवर पेनाने भरतात आणि पार्टीने मागितलं की फाइली चाळत बसतात. लॅबमधल्या दोघी मुलींनी डिस्पॅचची शीट बघून स्वतःच येऊन विचारलं की आमचं कधी. कॉलम त्यांनीच ठरवलेत, मी फक्त लोकेल इंडिया करून दिलं आणि त्यांच्या दोघींच्या नावाने एडिटचे हक्क लावून दिलेत.